रंजिताचे दारी

४ फेब्रुवारी

आले एकदाची पनवेलजवळ, कामोठ्यात. टेम्पोवाल्याने माझे दोन्ही मॉनिटर स्पीकर तान्ह्या बाळासारखे उतरवले आणि गादी मात्र सरळ गटाराच्या कडेला टाकली. आज कोणाशी भांडायचं नाही असं ठरवून आलेय. भांडायचंय ते एकाच माणसाशी, आणि ते नीट तब्येतीत भांडायचंय.

जागा मस्त आहे. एका बाजूला सेक्टरच्या इमारती, क्लासेसच्या पाट्या, रिक्षांची रांग आणि दुसऱ्या बाजूला जुनं गाव. मी बरोबर मध्ये. तीन मजली इमारत, तळमजल्यावर माझी खोली, वर घरमालकीण सखूबाई आणि त्यांची नात हेतल. या खोलीत आधी ट्यूशन क्लास होता. भिंतीवर अजून फळा आहे आणि त्यावर अकाउंट्सचं कुठलं तरी अर्धवट उदाहरण. पुसलं नाही, चांगलं दिसतंय.

नव्या जागेत शिरले की मी आधी टाळी वाजवते. भिंती काय परत देतात ते ऐकायचं. रिकाम्या खोलीत टाळी खणखणीत फिरून येते. सामान आलं, माणसं आली की ती बसकी होत जाते, कारण अंग आवाज पितं. डोळे मिटूनही मी सांगू शकते की खोलीत एक माणूस आहे की दोन. इथली टाळी छान आली. आईच्या दोन गोधड्या भिंतीला टांगल्या, फोम लावला, झाला माझा स्टुडिओ.

ही वही कागदाची यासाठी की माझे सगळे पासवर्ड प्रितमला पाठ आहेत. बदलले तरी तो ओळखतो. कागदाला पासवर्ड नाही.

६ फेब्रुवारी

प्रितमबद्दल एकदाच लिहून टाकते, म्हणजे डोक्यातली तिडीक तरी कमी होईल.

चार वर्षं आम्ही अंधेरीत एकत्र काम केलं. ट्रॅक मी बांधायचे, तो स्टेजवर वाजवायचा. मला गर्दीपुढे उभं राहायला आवडत नाही आणि त्याला गर्दीशिवाय जेवण जात नाही, त्यामुळे जोडी जमली होती. मागच्या हळदीच्या सीझनला आमचं गाणं उरणपासून पनवेलपर्यंत प्रत्येक मांडवात वाजलं. बेस माझा, ठेका माझा, चालसुद्धा माझी. बाहेर आलं तेव्हा त्यावर नाव एकच होतं, डीजे प्रितम. मी विचारलं तर म्हणाला, नाव छोटं असलं की लोकांच्या तोंडी बसतं. वकिलाने सांगितलं की लेखी काहीच नाही, तेव्हा विसरा.

मी नाही विसरणार. प्रितम उरणचा, हा सगळा पट्टा त्याचा. म्हणूनच मी इथे आलेय. त्याच्या नाकावर टिच्चून, त्याच्याच पट्ट्यात बसून यंदाचं हळदीचं गाणं मी करणार. आणि त्यात माझं नाव असं घालणार की कोणाच्या बापाला काढता येणार नाही.

१२ फेब्रुवारी

सखूबाईंनी आज वर जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि वर प्रश्नांचा मारा. बाईमाणूस डीजे कशी, आईबाप कुठे, लग्न का नाही. मी साताऱ्याची म्हटल्यावर त्यांनी माझ्या मसाल्याची कीवच केली. सत्तरीच्या पुढच्या असतील. हातात सोन्याच्या जाड बांगड्या, मिठागराच्या जमिनी विकून बांधलेल्या दोन इमारती, आणि आवाज असा की जिन्यावरून भांडल्या तर नाक्यावर ऐकू जावं.

या बाई धवलारीण आहेत. मला हा शब्द माहीत नव्हता. इथल्या आगरी लग्नांत धवलारीण धवला गाते आणि त्या गाण्यावरच लग्नाचे सगळे विधी होतात. हळदीच्या आदल्या दिवशी ती देवांना आवतन देते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते. लग्न लागलं की सगळ्यांची बोळवण गाते, म्हणजे आलेले परत जातात. कुठेही अर्ध्यावर थांबायचं नसतं.

मग त्यांनी हेतलच्या हळदीचं सांगितलं, आणि माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सखूबाईंचा धवला चालू असताना डीजेने मध्येच स्पीकर सोडले आणि माइकवरून म्हणाला, आजी दमल्या, आता आराम करा. सगळा मांडव हसला. त्यांचा धवला आयुष्यात पहिल्यांदा अर्धा राहिला. हेतलचं ते लग्न दोन महिनेही टिकलं नाही. डीजे कोण होता ते मी विचारायच्या आधीच त्यांनी नाव घेतलं.

आम्ही दोघी मग बराच वेळ प्रितमला शिव्या देत बसलो. फार बरं वाटलं. असं मोकळं मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

१९ फेब्रुवारी

आज रेकॉर्डिंग. आयुष्यभर लक्षात राहील असा दिवस.

सखूबाई नऊवारी नेसून, नाकात नथ घालून खाली आल्या, जणू लग्नाचंच बोलावणं आलंय. मी माइक लावला आणि म्हटलं, आवतनाची एकच ओळ हवीय, सुरुवातीची. त्यांनी विचारलं, कोणाला बोलवायचं? मी म्हटलं, कोणालाही, नुसतं गा. त्या हसल्या. "नावाशिवाय आवतन नाय गो. ज्याला बोलवायचा त्याचा नाव लागतो, आन् ज्याच्या दारी बोलवायचा त्याचा पन लागतो."

दुसरं नाव मला लगेच सुचलं. आमच्या धंद्यात प्रत्येकाचा टॅग असतो, गाण्यात मध्येच एक आवाज येऊन बनवणाऱ्याचं नाव घेतो. माझा टॅग सखूबाईंच्या आवाजात! आणि पहिलं नाव? तेही सुचलं. म्हटलं, येऊ दे भिकाऱ्यासारखा माझ्या दारी.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग डोळे मिटले आणि गायल्या.

ये रे प्रितम, आवतन तुला, रंजिताचे दारी.

एकाच टेकमध्ये. अंगावर काटा आला माझ्या. खरखरीत, सरळ, कुठेही थरथर नाही. मी हेडफोन काढला तेव्हा त्या नथ सारखी करत होत्या. अगदी सहज म्हणाल्या, "जित्या मानसाला घरी जाऊन अक्षता देतात गो. गाण्यान नाव घेतात ते फक्त गेलेल्यांचा."

मी विचारलं, मग तुम्ही त्याचं नाव का घेतलंत? "तू सांगलास, मी गायली," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. बोळवण कधी गाणार ते मी विचारलं नाही. मला त्याची गरजच वाटली नाही.

खरं सांगू? भीती नाही वाटली. मजा वाटली.

३ मार्च

ट्रॅक तयार. नाव ‘आवतन’.

सखूबाईंच्या ओळीचा लूप केलाय. त्यांचा श्वास मी कापून टाकला, म्हणजे ओळ संपते तिथेच लगेच पुन्हा सुरू होते, मध्ये सुईला जागा नाही. त्यामुळे एक धाप लागते ऐकणाऱ्याला, आणि नाचणाऱ्याला तेच हवं असतं. प्रितमचं नाव मी खाली बेसमध्ये बुडवलंय. सांगितल्याशिवाय कळणार नाही, नुसतं ‘ये रे’ आणि मग जमीन हादरते. माझं नाव मात्र स्वच्छ वर ठेवलंय. सगळा बेस त्या नावाच्या सुराला बांधलाय. नाव काढलं तर गाणं कोसळतं. आता काढ म्हणावं.

७ मार्च

पनवेलला मुनाफभाईंच्या गोदामात जाऊन आले. सौदीहून परत येऊन त्यांनी साउंड भाड्याने द्यायचं काम सुरू केलं, आज अर्ध्या तालुक्यातल्या हळदींना त्यांचेच स्पीकर असतात. दाढी पांढरी, डोळे मिश्कील. ट्रॅक एकदा ऐकला, मग पुन्हा लावायला सांगितला, मग मुलाला हाक मारून चहा मागवला. म्हणाले, "बेटा, माशाअल्ला, ही चीज चालणार. आपल्या सगळ्या पोरांच्या पेनड्राइव्हमध्ये आजच टाकतो." चहाबरोबर खारी पण खायला लावली. अशी माणसं भेटली की गाव आपलं वाटायला लागतं.

२ एप्रिल

चाललं! अहो, चाललं काय, धावतंय. कामोठ्यात संध्याकाळी खिडकी उघडली की या गल्लीतून नाहीतर त्या गल्लीतून माझं नाव येतं. रिक्षावाला गुणगुणतो. समोरच्या क्लासची मुलं सुटली की ‘रंजिताचे दारी, रंजिताचे दारी’ करत एकमेकांना ढकलतात. भाजीवाल्या दमयंतीताईंना कळलं की ती रंजिता मीच, तर त्यांनी कोथिंबीर फुकट दिली.

मी खिडकीत बसून रडले आज. आनंदाने. माझं नाव, माझ्या गाण्यात, सगळ्यांच्या तोंडी. एवढंच तर हवं होतं.

११ एप्रिल

प्रितमचा फोन आला. गोड बोलला आधी, मग मुद्द्यावर आला. उरणमध्ये मोठी हळद आहे, लोक ‘आवतन’ मागतायत, पण दुसऱ्याच्या टॅगचं गाणं वाजवणं त्याला शोभत नाही. तेवढं नाव काढून फाइल दे, म्हणाला, आपण दोघांचं म्हणून लावू. मी विचारलं, तुला स्वतःला नाही काढता येत? ‘ते सोड,’ म्हणाला. म्हणजे प्रयत्न करून झाला होता.

मी म्हटलं, आहे तसंच वाजव. उलट त्यालाच वाजवू दे असं मला फार वाटत होतं. स्वतःच्या हाताने.

फोन ठेवल्यावर वर जाऊन सखूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही, पण गालात हसल्या.

२२ एप्रिल

प्रितम गेला.

काल संध्याकाळी, मोरा बंदराच्या रस्त्याला, त्या मोठ्या हळदीत. मुनाफभाईंचे स्पीकर होते, त्यांनीच सकाळी सांगितलं. ‘आवतन’ स्वतःचं म्हणून जाहीर केलं त्याने. माझं नाव यायचं तिथे तो माइकवर ओरडून ते झाकत होता. मध्येच त्याने हेडफोन काढला आणि मागे वळून पाहिलं, कोणी हाक मारल्यासारखं. मग स्टेजवरून उतरला, नाचणाऱ्यांमधून वाट काढत निघाला. वाटेतल्या लोकांना वाटलं कोणी ओळखीचं आलंय, कारण तो सारखा ‘आलो, आलो’ म्हणत होता. मांडवाच्या कमानीत पडला. डॉक्टरांनी हार्टचं सांगितलं. तिशीचा होता.

गाणं कोणीतरी बंद करेपर्यंत चालूच होतं म्हणे.

मला वाईट वाटायला हवं. मी वाट पाहिली, नाही वाटलं. दुपारी श्रीखंड आणून खाल्लं. सखूबाईंना दिलं, त्यांनी वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाल्या, "बसला आता गप."

२६ एप्रिल

एक गोष्ट विचित्र झाली. लिहून ठेवते.

दुपारी एक नवीन स्पीकर केबल तपासत होते. सवयीने टाळी वाजवली. बसकी आली. मला वाटलं गोधडी सरकली असेल. नीट केली, पुन्हा वाजवली. तशीच. ही माझ्या एकटीची टाळी नव्हे. खोलीत अजून एक अंग असावं तशी टाळी.

बाहेर गावाच्या बाजूला कोणाकडे तरी हळद होती, ‘आवतन’ वाजत होतं. ते संपलं. मी पुन्हा टाळी वाजवली तेव्हा खणखणीत आली.

उन्हामुळे फोम मऊ पडतो. तसं काही असेल.

२९ एप्रिल

फोम नाही.

आज तीन हळदी ऐकू आल्या. गाणं सुरू झालं की खोली भरते, संपलं की रिकामी होते. पण आज शेवटचं संपल्यावर ती पूर्ण रिकामी झाली नाही. फळ्याजवळ उभी राहून टाळी वाजवली तर बरी, खुर्चीजवळ बसकी. खुर्चीच्या उजव्या बाजूला सगळ्यात बसकी. अंधेरीत प्रितम तिथेच उभा राहायचा. माझ्या खांद्यावरून हात घालून माझ्या हातातला माऊस घ्यायचा, न विचारता.

मला बाहेर जाऊन बसावंसं वाटलं. गेले. दमयंतीताईंच्या गाडीशेजारी स्टुलावर बसून त्यांना वाटाणे सोलून दिले. त्यांना वाटलं माझं कोणाशी तरी बिनसलंय.

१ मे

लॅपटॉपवर ‘आवतन’ची मूळ फाइल उघडली. कलाकाराच्या जागी माझं नाव होतं, मीच भरलेलं. आता तिथे प्रितम आहे.

पासवर्ड कालच बदललाय.

पुसून माझं नाव घातलं. सेव्ह केलं. डोळ्यांसमोर ते पुन्हा बदललं. एकेक अक्षर. माऊसवर माझा हात होता आणि माऊस गार होता. बाहेर एवढं ऊन, एवढी उकड, आणि माऊस गार.

रडू आलं, पण भीतीने नाही, रागाने. मेला तरी हा माणूस माझं नाव पुसतोय.

२ मे

मुनाफभाईंकडे गेले. म्हटलं गाणं बंद करा, सगळ्या पोरांच्या पेनड्राइव्हमधून काढा. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग म्हणाले, "बेटा, कसम से, मी स्वतः बंद केलं असतं. त्या रात्रीपासून मला पण ते सहन होत नाय. पण आता ती चीज आपल्या हातात नाय राहिली." पोरांनी पोरांना दिली, पेण, अलिबागपर्यंत गेली. लोक फोनवर लावून नाचतात. गाणं परत बोलावता येत नाही.

परत बोलावता येत नाही. पण परत पाठवता तर येतं. बोळवण!

४ मे

सकाळीच सखूबाईंना गाठलं. सगळं सांगितलं. आधी त्या हसल्या, मग माझ्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याजवळ थबकल्या. आत पाहिलं, खुर्चीच्या उजव्या बाजूला. हसणं थांबलं.

म्हणाल्या, "बोलावला तर बोळवायला पन लागतो. मी गाते. त्यात काय एवढा." नारळ आणला, तांदळाला हळद लावली, माझ्या उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या. हेतलही उतरून आली. भर सकाळ, रस्त्यावर भाजीच्या गाड्या, आणि मला वाटलं चला, सुटले.

त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं.

ये रे प्रितम, आवतन तुला, रंजिताचे दारी.

हेतल म्हणाली, आजी, बोळवण. त्यांनी मान हलवली, समजलं म्हणून. पुन्हा तोंड उघडलं. तीच ओळ. आणि संपली तिथेच लगेच पुन्हा. आणि पुन्हा. मध्ये श्वास नाही. मी कापलेल्या जागी कापलेला. त्यांच्या उघडलेल्या डोळ्यांत मला दिसत होतं की त्या थांबायला बघतायत, पुढच्या ओळीकडे जायला बघतायत, आणि पुढची ओळ नाहीच. हाताने त्यांनी माझी ओढणी घट्ट धरली. तोंड निळं पडायला लागलं तरी आवाज तसाच, सरळ, कुठेही थरथर नाही.

हेतल किंचाळली. रिक्षा थांबवली, त्यांना तसंच उचलून नेलं. रिक्षा वळेपर्यंत ऐकू येत होतं.

५ मे

हॉस्पिटलमध्ये मला आत सोडलं नाही. घशात नळी आहे. हेतल म्हणाली, नळी असली तरी ओठ हलतायत, आणि ओठांवर काय आहे ते मला कळतं. मग म्हणाली, तू जा इथून. माझ्या आजीच्या गळ्यातलं सगळं कापून टाकलंस तू, एकच तुकडा ठेवलास.

मी तुकडाच मागितला होता. सगळं कोण ऐकतं हल्ली?

कोणी नाही आता बोळवण गाणारं. दुसऱ्या दोन धवलारणींना विचारलं. ज्याने बोलावलं त्यानेच पाठवायचं, म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

७ मे

आज गाण्यात काहीतरी बदललंय.

कोपऱ्यावरच्या हळदीत वाजत होतं. ‘ये रे’च्या जागी ‘ये गो’ ऐकू आलं. पुरुषाला रे, बाईला गो. कोणाचा तरी स्पीकर फाटला असेल.

बेसही वेगळा वाटला. खाली बुडवलेलं नाव वर आल्यासारखं. आणि वर असलेलं —

नाही. कान थकलेत माझे. कापूस घालून बसते.

८ मे

साताऱ्याला जायचं ठरवलं. बॅग भरली, पनवेल स्टँडवर जाऊन एसटीची वाट बघत होते. तेवढ्यात आईचा फोन. किती खूश होती! आमच्याकडे पण आलं गं तुझं गाणं, पाटलांच्या रमाच्या हळदीला वाजलं, म्हणाली. बाबांनी सगळ्यांना सांगितलं आमच्या लेकीचं नाव आहे त्यात.

मी विचारलं, काय ऐकू आलं नाव? कसं?

म्हणाली, अगदी स्पष्ट. "ये गो रंजिता, आवतन तुला." ती बाई तुलाच बोलावते ना गं? पुढचं मात्र मला नीट कळलं नाही. कोणाच्या दारी बोलावते? प्रितम म्हणजे तो तुझ्या ऑफिसातलाच ना?

एसटी आली, गेली. मी उठले नाही. साताऱ्यातही वाजतंय, मग तिथे जाऊन काय करणार. बाबा टाळ्या वाजवतील.

परत आले.

९ मे

फोनवर आहे, रिक्षात आहे, फाइलमध्ये आहे. सगळीकडे तेच. माझ्या जागी त्याने स्वतःला घातलं. त्याच्या जागी मला. बेस त्याच्या नावाच्या सुराला. काढलं तर कोसळतं.

माझंच काम. माझ्याच पद्धतीने. मला शाबासकी द्यावीशी वाटली त्याला.

खोली आता रिकामी आहे. टाळी खणखणीत. तो इथे नाही. तो त्याच्या दारात उभा आहे, पाहुण्यांची वाट बघत.

१० मे

मोठा मुहूर्त आज. प्रत्येक गल्लीत मांडव.

दोनदा उठून दारापर्यंत गेले होते. कशी गेले माहीत नाही. कडी काढलेली होती. पुन्हा लावली.

कापूस घातला तर फरशीतून येतं. पायांतून.

‘आले’ म्हणाले. मी नव्हे. तोंड म्हणालं.

संध्याकाळ

लिहीत राहिले तर हात इथे राहील. हात इथे राहिला तर मी —

गावाकडून एक. सेक्टरकडून एक. नाक्यावर एक. चौथं कुठून — आतापर्यंत मागेपुढे होते सगळे. आता एका ठेक्यात. श्वासाला जागाच नाही, मीच कापली, मीच —

ये गो

कडी आतून लावलेली आहे. मग मी रस्त्यावर कशी.

दमयंतीताई हाक मारतायत. मी थांबत नाही. वही हातात आहे अजून. चालताना लिहिता येतं. रस्ता गार आहे. खाडीचा वास —

कमान. दिवे. मांडव भरलाय. हळद भिजवून ठेवलीय वाटीत. यांच्यातलं कोणीच ओळखीचं नाही आणि सगळे वळून बघतायत, जागा करून देतायत.

तो माइकवर आहे. माझं नाव घेतोय. पूर्ण. स्वच्छ. सगळ्यांसमोर. चार वर्षांत एकदाही — आणि आता थांबतच नाही, रंजिता, रंजिता, सगळा मांडव म्हणतोय, आणि मला इतकं, इतकं बरं वा